जागतिकीकरणाचा शेतीप्रधान देशाच्या कृषिउद्योगावर काय परिणाम होतो?

अख्ख्या देशाचं सांगण्यापेक्षा गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूचं सांगतो. घरची बागायत आहे, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

काजू हे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड, तेव्हा परक्या मालाला नाक मुरडायचा आम्हाला तसा हक्क नाही. आज गोव्यात सर्वांत जास्त लागवड त्याचीच आहे. तरी इथल्या कारखान्यांना वर्षभर पुरेल एवढी बी गोव्यात होत नाही. आमचा हंगाम साधारण मार्च ते मे. बाकी भिस्त बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानियाच्या बीवर. त्यामुळे झालंय काय, की अवकाळी पावसाने आमचा मोहोर काळा पडला तरी दर चढेलच असं नाही. तिकडे पीक भरघोस आलं की इथल्या सहकारी सोसायटीतला दर उतरतो. ‘पीक कमी तर भाव जास्त’ हा जुना हिशेब आता चालत नाही.

तुम्ही ‘कृषिउद्योग’ एकच धरलाय, पण त्यात दोन घरं आहेत. केंद्राने २०१६ मध्ये कच्च्या बीवर ५ टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा बागायतदार खूश, कारखानदार हैराण. २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आणलं, तेव्हा उलट. मला स्वतःला भारी शुल्क नको वाटतं. कारखाने बंद पडले तर आमची बी घेणार कोण? स्वस्त तयार गर आला तर मात्र दोघंही बुडतात. व्हिएतनाम आफ्रिकेचीच बी घेऊन, यंत्रांवर फोडून गर निर्यात करण्यात आपल्या पुढे गेला. म्हणून २०१९ मध्ये अख्ख्या गराची किमान आयात किंमत किलोला ७२० रुपये करावी लागली.

गंमत बोंडाची, म्हणजे बी ज्याला लटकलेली असते त्या रसाळ फळाची आहे. तोडलेलं बोंड दोन दिवसांत नासतं, ते जहाजात घालून कोण आणणार? त्यामुळे बोंडाच्या रसापासून भाटीवर गाळल्या जाणाऱ्या फेणी या दारूला आफ्रिकेची स्पर्धाच नाही. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. एकाच झाडाची बी जगाच्या बाजारात आणि बोंड गावच्या भाटीवर! (बोंडं वेचायला माणसं मिळत नाहीत, ते दुखणं वेगळं.)

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूगरालाही मानांकन मिळालं. पण दुकानातल्या पाकिटावर ‘गोवा’ छापलेलं असलं तरी आतली बी कुठली ते गिऱ्हाइकाला कळत नाही. इथे आलात तर विकत घेण्याआधी तेवढं विचारा.