कंबर आधी, गाडी मग

प्रश्न: वय ५२, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. कंबरेचं जुनं दुखणं आहे. महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं आणि कराड यायच्या आतच पाठ धरते. मुलगा म्हणतो, मोठ्या चाकांची एसयूव्ही घ्या. घेऊ का?

उत्तर: मुलाला गाडी दिसायला हवी आहे, तुम्हाला बसायला. चाकाची रिम मोठी झाली की टायरची कड बुटकी होते आणि खड्डा थेट मणक्याला कळतो. माझीही कंबर अशीच, म्हणून सांगतो.

उंची मात्र महत्त्वाची. दार उघडून सीटवर नुसतं टेका. खाली वाकून आत घुसावं लागलं किंवा वर चढावं लागलं, तर ती गाडी सोडा. बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर नकोत. सीटची उंची बदलता यावी आणि कंबरेच्या खोलगट भागाला आधार मिळावा. क्लच दाबताना पाठ सीटवरून सुटत असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. गर्दीच्या वेळी दाभोळकर कॉर्नरला त्याची किंमत कळते.

शोरूमभोवतीच्या एका फेरीवर जाऊ नका. अर्धा तास मागून घ्या, खराब रस्त्यावरून न्या. मी तर सेल्समनला बाजूला बसवून पन्हाळ्याच्या वाटेला लागलो होतो, बिचारा घड्याळ बघत होता.

आणि हो, मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. त्यावर बसलं की कंबर एका बाजूला कलते. पायाला मुंग्या येत असतील तर मात्र शोरूमआधी डॉक्टर गाठा.