हॉल उभा राहिला, पण वाट कोणाची?

परळच्या एका वाचकांनी 2019 मध्ये कर्जत तालुक्यात तीन एकर जमीन घेतली. दीड एकरात भात आणि आंबे आहेत, उरलेल्या जागेत त्यांनी लग्नाचा हॉल बांधला. गेल्या हिवाळ्यात तिथे दोन लग्नं लागली. 20 मार्चला शेजाऱ्याने त्याच्या शेतातून येणाऱ्या वाटेवर खांब पुरले आणि तार ओढली. आता तिथून माणूस जातो, गाडी जात नाही. तलाठी, सरपंच, पोलीस ठाणे, सगळीकडे अर्ज देऊन झाले. डिसेंबरच्या दोन तारखांची आगाऊ रक्कम घेतलेली आहे. जुलैत ते लिहितात, "गणपती झाले की निवांत वकील बघतो. तोवर हॉलच्या कोणत्या परवानग्या राहिल्या आहेत ते सांगा."

गणपती होईपर्यंत थांबू नका. तुम्ही लिहिलेल्या दहा गोष्टींपैकी तातडीची ही वाटेचीच एक आहे आणि पत्रात ती जाता जाता आली आहे.

मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढून घेण्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. खांब 20 मार्चला पुरले, म्हणजे सप्टेंबरची 19 तारीख डोळ्यांसमोर ठेवा. तलाठ्याला दिलेला अर्ज, पोलिसांतला तक्रार अर्ज, सरपंचांच्या पडवीतली बैठक, यांनी ही मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही. तुमचे चार महिने तिथेच गेले. मुरबाड, शहापूर, वाड्याहून येणाऱ्या पत्रांतही हेच दिसतं. माणसं धडपड खूप करतात, पण ज्या दारात मुदत चालू असते तिथे शेवटी पोचतात. मुदत टळली की दिवाणी दावा उरतो. तिथे अंतरिम मनाई मागता येते, पण अर्जाच्या सुनावणीलाच किती तारखा पडतात हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. डिसेंबरची लग्नं त्या तारखांसाठी थांबत नाहीत.

आता खरी अडचण. खरेदीखताची प्रत तुम्ही पत्रासोबत सहाव्या पानावर जोडली आहे, हॉलच्या चोवीस फोटोंच्या मागे. त्यात एक ओळ आहे: "सदर मिळकतीस शेतीचे कामी येणेजाणेस पूर्वापार बैलगाडीची वहिवाट आहे." सगळं या ओळीवर ठरणार आहे. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे आला, आणि तो शेतीपुरता, बैलगाडीचा होता. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 28 सांगतं की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. भाताचे भारे, खत, नांगर, फार तर ट्रॅक्टर यांच्यासाठी तुम्ही भांडू शकता. दीडशे मोटारी, केटररचा टेम्पो, जनरेटरचा ट्रक आणि वरातीची बस त्या ओळीत मावत नाहीत. त्याच कायद्याचं कलम 43 त्याहून कडक आहे. जमिनीच्या वापरात कायमचा बदल करून शेजाऱ्यावरचा भार बराच वाढवला, तर काही परिस्थितीत मूळ हक्कही संपू शकतो. तुमच्या बाबतीत तिथवर गोष्ट जाईल असं मला आज वाटत नाही, पण शेजाऱ्याचा वकील हे कलम काढणार हे धरून चला.

जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, असं कोणी तरी तुम्हाला सांगितलं आहे. ते खरं आहे. पण तिथेही तहसीलदारांना शेतकऱ्याची शेतात जाण्याची गरज पाहायची असते, वऱ्हाडाची नाही.

म्हणून तहसीलदारांकडचा अर्ज फक्त शेतीच्या रस्त्यासाठी करा आणि त्यात खरं तेच लिहा. गट नंबर, दीड एकर भात, आंब्याची झाडं, सातबाऱ्यावरची पीक पाहणी, वाट कधीपासून आहे हे सांगणारे गावातले दोन जाणते लोक. हॉल लपवू नका, कारण स्थळपाहणीला येणाऱ्यांना तो दिसणारच आहे. हॉलखालच्या जमिनीविषयी तहसीलदार काय म्हणतील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण भातशेतीकडे जाणारी वाट उघडून घेण्याची तुमची बाजू चांगली आहे आणि ती वाट टिकली तरच शेजाऱ्यासमोर तुम्ही रिकाम्या हाताने बसणार नाही.

शेजाऱ्यासमोर तर बसावंच लागणार. लग्नाच्या गाड्यांचा हक्क तुम्हाला कोणतंही कार्यालय देणार नाही, तो त्याच्या सहीनेच मिळेल. तुमच्याच पत्रात लिहिलं आहे की जानेवारीतल्या लग्नाला पाहुण्यांनी गाड्या त्याच्या वालाच्या शेतात लावल्या. भात निघाल्यावर त्या ओलीवर केलेलं वालाचं पीक हे तिथल्या घराचं वर्षाचं कडधान्य असतं. ते तुडवलं गेलं आणि दोन महिन्यांत तार आली. तुम्ही त्याला "आडमुठा" म्हटलं आहे. मला त्याचा राग समजतो. वकिलाची नोटीस पाठवण्याआधी त्या वालाची भरपाई घेऊन स्वतः त्याच्या घरी जा. भातलावणी उरकू द्या, मग जा. अर्ज मात्र त्याच्यासाठी थांबवू नका, आणि अर्ज का करतो आहोत हे त्याला तोंडावर सांगा.

तो तयार झाला तर नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून परत येऊ नका. वाटेचा कायमचा हक्क नोंदणीकृत दस्तानेच घ्या, दुय्यम निबंधकांसमोर. त्याच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. दोन बहिणींची सही राहिली म्हणून पाच वर्षांनी उखडलेला दस्त मी पाहिला आहे. दस्तात मोजणीचा नकाशा हवा. वाट कुठून कुठे, किती रुंद, हे आकड्यांत हवं. मी सहा मीटरच्या खाली तडजोड करू नये म्हणेन, कारण समोरासमोर दोन टेम्पो आले आणि मध्येच आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका आली तर ती शेतात उतरवावी लागता कामा नये. "विवाह व अन्य समारंभांसाठी सर्व प्रकारची वाहने" हे शब्द घाला. गाड्या उभ्या करायची जागा तुमच्याच हद्दीत असेल, वाटेची डागडुजी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी मोरी तुमच्या खर्चाने असेल, हेही लिहा. दोघांच्या वारसांवर दस्त बंधनकारक असल्याचं वाक्य विसरू नका. वाटेपुरता पट्टा विकतच घ्यावा असं तुमच्या मनात असेल, तर तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंधनाचा, प्रश्न येतो. कर्जतच्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय शेजाऱ्याला पैसे देऊ नका.

हॉल तुम्ही मनापासून बांधला आहे, हे फोटोंत दिसतं. काळ्या दगडाचं जोतं, उंच छप्पर, स्वयंपाकघर मांडवापासून वेगळं, वधूच्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर, म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांऐवजी उतार. लग्नाच्या जागेला हे सगळं लागतं. पण शेतावरच्या लग्नस्थळाचं बांधकाम डांबरी रस्त्यापासून सुरू होतं. तिथून मांडवापर्यंत पाहुणा कोणाच्या हक्काने येतो, हे पहिलं जोतं. 2019 मध्ये आर्किटेक्टला भेटण्याआधी खरेदीखताची ती एक ओळ वाचली असती, तर तेव्हा पडक्या भावात वाट मिळाली असती. आता शेजाऱ्याला हॉलची किंमत माहीत आहे.

परवानग्यांबद्दल थोडंच. अकृषिक वापराचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत, तेव्हा तुमचा झोन दाखला पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. तुमचं गाव माथेरानच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतं का ते आधी तपासा. 2003 पासून तिथे बांधकामावर वेगळे निर्बंध आहेत. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाजवता येत नाही. हे डिसेंबरच्या त्या दोन्ही कुटुंबांना आत्ताच सांगा.

आणि त्यांना याच आठवड्यात लेखी कळवा की वाटेचा वाद चालू आहे, कोणत्या तारखेपर्यंत निकाल लागला नाही तर तुम्ही पूर्ण रक्कम परत कराल. त्यांनी मुंबईत दुसरा हॉल शोधायचा तर त्यांना अजून वेळ आहे, ऑक्टोबरात राहणार नाही. ऐनवेळी कळलं तर ते 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करतील. ती त्यांना स्वतः राहतात तिथल्या आयोगाकडे करता येते आणि त्यासाठी त्यांच्याकडे दोन वर्षं असतात. पत्राची प्रत आणि पोच तुमच्या फाइलमध्ये ठेवा, आणि तहसील कार्यालयातून अर्जाची पोच घेतलीत की तिचीही.