टीव्हीवर बातमी पाहून कुणीतरी फोन करतं आणि खून उघडकीस येतो, असं खरंच घडतं का?

घडतं. मी नाशिक ग्रामीण पोलिसांत हवालदार होतो, आता निवृत्त. असा एक फोन ठाणे अंमलदार म्हणून मीच उचललाय.

पण मालिकेत फोन करणारा आरोपीचं नाव सांगतो. आमच्याकडे गाडी अडते ती मयताच्या नावावर. प्रेत घाटात नाहीतर परक्या तालुक्यातल्या विहिरीत आणून टाकतात ते त्यासाठीच. मयत कोण हेच ठाऊक नसेल तर भाऊबंदकी, उधारी, बांधाचं भांडण, काय आणि कुणाचं तपासणार?

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत विहिरीत एक प्रेत निघालं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली; डॉक्टरांनी डोक्यातला घाव दाखवल्यावर खुनाचं कलम 302 लागलं. बेपत्तांच्या नोंदी चाळल्या, वायरलेसवर वर्णन दिलं, काही नाही. हाती होता फक्त एक चौकड्याचा शर्ट. साहेबांनी लोकल केबलच्या बातम्यांत तो दाखवायला लावला, पण फक्त कॉलर आणि खांद्याचा भाग. (मुद्देमालाला इस्त्री करत नाहीत, त्यामुळे दिसत होता अगदी चुरगाळलेला.)

रात्री फोनवर फोन. एकानं केबल नीट दिसत नाही म्हणून आम्हालाच झापलं. मग येवल्याकडून एक बाई बोलल्या, "साहेब, त्या शर्टाचं तिसरं बटण निराळं हाय का? हिरव्या दोऱ्यानं लावलेलं?"

मी मुद्देमाल कारकुनाला उठवलं. बटण तपकिरी, दोरा हिरवा. टीव्हीवर ते दाखवलंच नव्हतं. अशी एखादी खूण पोलीस मुद्दाम झाकून ठेवतात, म्हणजे खरा फोन कुठला ते कळतं. शर्ट त्यांच्या भाच्याचा होता, बटण त्यांनीच टाकलेलं.

नाव कळल्यावर मात्र फार वेळ लागला नाही. शेवटचा त्याच्याबरोबर कोण दिसला, हे गावात पोरासोरांनाही माहीत होतं. त्या माणसानंच पंचांसमोर उकिरड्यातून कुऱ्हाड काढून दिली. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढा भाग कोर्टात चालतो; पुरावा कायद्याच्या या कलम 27 खाली ते टिकलं. ती तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 मध्ये आहे.

आरोपीच ओळखला जाणं, हेही होतं. अमेरिकेत जॉन लिस्ट नावाच्या माणसानं 1971 मध्ये आई, बायको आणि तीन मुलांना मारलं आणि नाव बदलून दुसरा संसार थाटला. 1989 मध्ये 'अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड'नं तो म्हातारपणी कसा दिसेल याचा अर्धपुतळा दाखवला. जुन्या शेजारणीला तो ओळखू आला. 11 दिवसांत अटक! पठ्ठ्या तरीही 'तो मी नव्हेच' म्हणत राहिला. त्याला बोटांचे ठसे नडले.

म्हणजे फोनवर शिक्षा होत नाही, तपासाला दिशा मिळते. आमच्या मावशींना साक्षीला दोनदा यावं लागलं. पहिल्यांदा तारीखच पडली. येवल्याहून पहाटेची एसटी धरून आलेली बाई, बाकावर डबा खाऊन परत गेली. लोक नाव न सांगता फोन ठेवतात, त्यात त्यांचं फार चुकतं असं मला कधी वाटलं नाही. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी शर्ट पुढे धरला, तेव्हा त्यांनी कॉलरकडे पाहिलंही नाही, बोट थेट तिसऱ्या बटणावर ठेवलं.