गेल्या पावसाळ्यात मला डेंगी झाला होता, आता पुन्हा ताप आलाय. एकदा डेंगी झाला की पुन्हा होत नाही ना? (सिडको, नाशिक)

होतो. गेल्या पावसाळ्यातल्या डेंगीमुळे तुम्हाला कायमचं संरक्षण मिळालं ते त्या एकाच प्रकाराविरुद्ध, आणि या विषाणूचे प्रकार आहेत 4. बाकीच्या तिघांविरुद्धचं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. मी विषाणूंविरुद्धच्या प्रतिकारशक्तीवर पीएचडी करतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो. जुन्या अँटीबॉडी (विषाणूला ओळखून चिकटणारी शरीराची प्रथिनं) नव्या प्रकाराला चिकटतात खऱ्या, पण त्याला निकामी करत नाहीत. मग पांढऱ्या पेशी अँटीबॉडी पाहून त्या जोडगोळीला आत ओढतात आणि विषाणूला आयतं घर मिळतं! त्यामुळे दुसऱ्या वेळी धोका वाढतो. तरी बहुतेकांना दुसऱ्यांदाही गंभीर आजार होत नाही, उगाच धास्ती नको.

आत्ताच्या तापासाठी एवढं बघा:
- पहिल्या 4-5 दिवसांत एनएस-वन तपासणी (रक्तात डेंगीच्या विषाणूचं प्रथिन आहे का ते बघणारी). दुसऱ्या वेळी ती लवकर निगेटिव्ह होऊ शकते. नुसता आयजीजी (संसर्गानंतर दीर्घकाळ रक्तात राहणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे गेल्या वर्षीचीही खूण असू शकते.
- तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही.
- ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.