कठीण पाण्यातले चेकरबोर्ड सिक्लिड

प्रश्न : माझ्या टाकीत चेकरबोर्ड सिक्लिड या माशाचा एक नर आणि दोन माद्या आहेत. नळाचे पाणी कठीण असल्यामुळे मी पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी) कमी करणारे द्रावण वापरतो, परंतु दोन दिवसांत पीएच पुन्हा वर जातो. मादीने दोनदा घातलेली अंडी पांढरी पडून बुरशीने खराब झाली. काय करावे?

उत्तर : ते द्रावण आधी बंद करावे. कठीण पाण्यातील बायकार्बोनेट क्षार आम्लाला निष्प्रभ करतात, त्यामुळे पीएच तात्पुरता खाली येऊन पुन्हा चढतो, आणि या हेलकाव्यांचा त्रास माशांना मूळच्या चढ्या पीएचपेक्षाही अधिक होतो. आपला मासा, म्हणजे डायक्रॉसस फिलामेंटोसस, दक्षिण अमेरिकेतील रिओ निग्रो आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या पाण्याच्या, म्हणजे कुजणाऱ्या पानांमुळे चहासारख्या रंगाच्या, ओढ्यांतला. तिथे पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणून पीएचच्या आकड्यामागे न लागता आधी क्षार कमी करावेत. आरओचे (क्षार गाळून काढलेले) पाणी नळाच्या पाण्यात मिसळून आरओच्या पाण्याचे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि कार्बोनेट कठीणपणा (वर सांगितलेल्या बायकार्बोनेट क्षारांचे माप) एक अंशाच्या आसपास आणावा. त्यानंतर पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) किंवा बदामाची वाळलेली पाने घातली, की पीएच पाच-साडेपाचपर्यंत उतरतो आणि सहसा तिथेच राहतो. अशा आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंची वाढ मंदावत असल्याने अंडी तगण्याची शक्यता वाढते. मात्र नर अगदी तरुण असेल, तर अंडी फलितच न झाल्यामुळेही पांढरी पडतात.

एक धोका मात्र ओळखून असावे, कारण अनुभवी मत्स्यपालकही इथे फसतात. पीएच सहाच्या खाली गेला, की फिल्टरमधील नायट्रीकरण करणारे, म्हणजे माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्रेट करणारे, जिवाणू सुस्तावतात. साठलेला अमोनिया तेव्हा बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो, पण घाईघाईने नळाचे बरेच पाणी ओतल्यास पीएच चढून त्याचा विषारी अमोनिया होतो. म्हणून मासे मोजके, खाद्य बेताचे, आणि पाणी बदलायचे ते थोडे-थोडे, आधीच तयार करून ठेवलेले.

अंड्यांची राखण मादी एकटीच करते. त्या काळात तिचे श्रोणिपर (पोटाखालचे पर) लालसर होतात आणि ती नरालाही पिटाळते. टाकी लहान असल्यास नर आणि दुसरी मादी दोघांनाही वेगळे ठेवावे. पिले पोहू लागली, की आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि मग नुकताच उबवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव) द्यावा.