चित्र झाकण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयातील संगणकावर शाळकरी मुले-मुली विकिपीडिया वाचतात. आरोग्यविषयक लेखांत उघड्या शरीराची छायाचित्रे येतात आणि पालक तक्रार करतात. ज्याला नको असतील त्याला ती झाकता यावीत, एवढी साधी सोय का नाही?
– एक ग्रंथपाल, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपण सुचवता तशीच सोय विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या विश्वस्त मंडळाने मे 2011 मध्ये मागितली होती. ती प्रत्येक वाचकाच्या इच्छेवर राहणार होती आणि झाकलेले चित्र त्याला पुन्हा उघडता येणार होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कौल घेतला गेला व सुमारे 24 हजार जणांनी मत नोंदवले; परंतु मते विभागली गेली, जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी स्वतंत्र मतदानात मोठ्या बहुमताने विरोध केला आणि जुलै 2012 मध्ये मंडळाने ती मागणी मागे घेतली.

विरोधकांचा मुख्य आक्षेप मला पटतो. वाचकाने काय झाकायचे ते निवडण्याआधी कोणीतरी प्रत्येक चित्रावर ‘नग्नता’, ‘हिंसा’ असा शिक्का मारावा लागतो, आणि एकदा शिक्के तयार झाले की इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा सरकार त्यांच्याच आधारे ती चित्रे सर्वांसाठी बंद करू शकते. शिवाय शिक्का मारणाऱ्याला आपल्या गरजा कशा कळणार? सापाचे चित्र अनेकांना पाहवत नाही, म्हणून ते ‘भीतिदायक’ ठरू शकते. पण आपल्याकडे जिला परड म्हणतात त्या घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे लोक आहेत, आणि तिच्या अंगावरील साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा व अजगराचे वेडेवाकडे डाग यांतला फरक शब्दांनी सांगून ध्यानात राहत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. स्तनाच्या कर्करोगात त्वचा कशी ओढली जाते, हेही तसेच.

तरीही पालकांची अडचण खरी आहे आणि ती उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. संगणकावरील ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एखाद्या संकेतस्थळाची सगळी चित्रे बंद ठेवता येतात. मजकूर तसाच राहतो. यात कोणत्याही चित्रावर शिक्का बसत नाही, म्हणून हा मार्ग मला अधिक बरा वाटतो. लहान मुलांच्या वेळेत तसे करा. मोठ्या मुलींसाठी मात्र चित्रे सुरू असू द्या आणि शरीराविषयीचे लेख वाचताना, शक्य असेल तेव्हा, गावातील आशाताईंना सोबत बसण्याची विनंती करा.