शोवा ३९ म्हणजे नेमके कोणते वर्ष आणि तेव्हा जपानमध्ये काय घडले?

शोवा म्हणजे जपानी सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचा काळ; त्यावरून जपानमध्ये वर्षे मोजत. शोवा आकड्यात १९२५ मिळवा, म्हणजे इसवी सन निघते. ३९ + १९२५ = १९६४. बरेच जण १९२६ मिळवतात आणि एक वर्ष पुढे जातात. शोवा काळ इसवी सन १९२६ च्या डिसेंबरात सुरू झाला खरा, पण ते वर्षच 'पहिले' धरतात, शून्य नाही.

१९६४ म्हटले की टोकियो ऑलिम्पिक. १० ऑक्टोबरला ज्योत पेटवली योशिनोरी साकाईने. हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात जन्मलेला हा मुलगा. जपानला १६ सुवर्णपदके मिळाली. २३ ऑक्टोबरला जपानच्या महिलांनी व्हॉलीबॉलमध्ये सोव्हिएत संघाला हरवले, आणि त्याच दिवशी आपण हॉकीत पाकिस्तानला १-० ने. गोल मोहिंदर लालचा.

१ ऑक्टोबरला टोकियो–शिन-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, धावली. कमाल वेग ताशी २१० किमी, तरी सुरुवातीला ४ तास लागत. नव्या भरावाची माती बसायची होती, म्हणून काही ठिकाणी वेग कमी ठेवावा लागे. वर्षभराने ३ तास १० मिनिटांवर आले.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित घटना १६ जूनचा निगाता भूकंप. वाळूमिश्रित ओली जमीन हादऱ्यांनी पातळ झाली आणि निगाता शहरातल्या कावागिशी-चो वस्तीच्या इमारती न मोडता आडव्या कलंडल्या! 'द्रवीकरण' अभियांत्रिकीत गंभीरपणे अभ्यासले जाऊ लागले ते यानंतर.

राजकारण थोडक्यात: आजारी पंतप्रधान हायातो इकेदा पायउतार झाले, नोव्हेंबरात एइसाकु सातो आले.